गार पाण्यात चाळीस मिनिटं

प्रिय सूनबाई,

'प्रिय' एवढं लिहिलं आणि पेन ठेवून चहा करायला गेलो. तेरा वर्षांत तुला मी हा शब्द कधी म्हटलेला नाही, त्यामुळे तो कागदावर अवघडून बसलाय. बसू दे. पार्सलच्या दुकानात मी जन्मभर 'दोन साधे, एक तिखट, कांदा नको' एवढंच लिहीत आलो, तेव्हा अक्षराकडे आणि भाषेकडे बघू नकोस. मधे मधे तेलाचे डाग दिसतील. ते आजचेच आहेत, त्यांचाही या पत्राशी संबंध आहे.

पत्र कुरियरने पाठवतोय, कारण ते शनिवारच्या आत तुझ्या हातात पडायला हवं. घाई कशाची ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर मधलं लिहायचा धीर राहणार नाही. पण ताकाला जाऊन भांडंही लपवत नाही. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तू आपल्या घरी नूडल्स केलेस, ते चिकटले आणि सगळ्यांसमोर तुझं हसं झालं, ते तुझ्या हातामुळे नव्हे. मी तुला कृती चुकीची सांगितली होती. विसरून नाही, मुद्दाम.

आता कागद चुरगळून टाकावासा वाटला तर तो तुझा हक्क आहे. पण कृती अजून पुढे आहे, तेवढी तरी वाच.

झालं असं की दुकान सोडून आता दीड वर्ष होत आलं. गुडघ्यांनी राजीनामा दिला, मग मलाही द्यावा लागला. घरी बसलेला माणूस तुझ्या सासूबाईंना बघवत नाही, म्हणून महिन्यापूर्वी त्यांनी मला स्वयंपाकघरातले खण आवरायला लावले. सगळ्यात खालच्या खणात, जुन्या किसण्यांच्या आणि झाकण हरवलेल्या डब्यांच्या मागे, तुझी निळ्या पुठ्ठ्याची वही सापडली. तुम्ही घर बदललंत तेव्हा राहिली असेल, किंवा तू ठेवून गेली असशील. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं, पण पान आपोआप उघडलं तिथेच, इतक्या वेळा ते उघडलं गेलं होतं.

वर तुझ्या सुबक अक्षरात 'बाबांचे नूडल्स'. खाली सामान. मग 'गार पाण्यात भिजवायचे?' असं लिहून त्यावर काट, आणि शेजारी 'खळखळ उकळत्या पाण्यात ७ मिनिटं (बाबा)'. कंसातल्या 'बाबा'खाली रेघ. आणि त्याखाली जे होतं ते मला माहीतच नव्हतं. '६ मिनिटं, चिकटले.' '५ मिनिटं, तुटले.' '४ मिनिटं, वरून चिकट, आत कच्चे.' 'तेल दुप्पट, तरी तेच.' 'कढई बदलली, तरी तेच.' पाच वेळा, सूनबाई. त्या फजितीनंतर, मी दुकानात असताना तू पाच वेळा करून पाहिलेस, आणि कुणाला दिसू नयेत म्हणून ते गोळे कुठे टाकलेस देव जाणे. तू तेल बदललंस, कढई बदललीस, मिनिटं बदललीस. उकळतं पाणी तेवढं बदललं नाहीस, कारण ते मी सांगितलं होतं. शेवटची ओळ होती, 'चूक माझ्या हाताची. हात जड आहे.'

ती वही घेऊन मी खणासमोर जमिनीवर बसून राहिलो. तुझ्या सासूबाईंना वाटलं गुडघा आखडला. मी तसंच वाटू दिलं.

तुला तो दिवस आठवत असेलच, पण माझ्या बाजूने तो कसा होता ते सांगायला हवं. तुझे आईवडील आणि भाऊ पहिल्यांदाच आपल्याकडे जेवायला येणार होते. चार दिवस आधी तू वही-पेन घेऊन माझ्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, "बाबा, तुमच्या दुकानातले नूडल्स घरी करायचेत, मला शिकवा." चपट्या तांदळाच्या नूडल्सची कोरडी गड्डी हातात होती. आणि तूच विचारलंस, "हे गार पाण्यात नुसते भिजवले तर चालतील का? तांदळाचेच आहेत, उकळून गाळ होईल ना?" सूनबाई, नेमकं बरोबर होतं ते. जे मला शिकायला तीन वर्षं लागली, ते तू गड्डी बोटांनी दाबून पाहून ओळखलंस. आणि मी म्हणालो, "छे छे, खळखळ उकळायचे, चांगली सात मिनिटं." तू काट मारलीस ती माझ्या डोळ्यांदेखत.

मग तो सोमवार. दुकानाची सुट्टी म्हणून मीही घरी. तू सात माणसांचं एकदम केलंस आणि मोठ्या परातीत आणलंस. मी काटा घातला, वर उचलला, आणि सगळी परात एका गोळ्यात वर आली. मी काय बोललो ते तू विसरली असशील अशी आशा मला तेरा वर्षं होती, पण वही वाचल्यावर ती सुटली. मी म्हणालो होतो, "वा, याला पार्सलचा डबाही नको, पिशवीशिवाय हातात नेता येईल!" सगळे हसले. तुझा भाऊ हसला, तुझा नवराही हसला, व्याही तर बिचारे काय करावं न सुचून हसले. तूही हसलीस. एकट्या विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे तो गोळा चमच्याने तोडून खाल्ला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला. त्या बाईंकडे मी तेव्हा पाहिलं नाही, आणि आजही त्या समोर आल्या की मी खिडकीबाहेर बघतो.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी माणूस म्हणवलो असतो. पण मी उठलो, सुट्टी असताना दुकानाचं शटर वर केलं, भट्टी पेटवली आणि अर्ध्या तासात सात डबे गरमागरम घेऊन आलो. काय वाहवा झाली! मी मान डोलवत होतो. तू प्रत्येकाच्या ताटलीतला गोळा काढून माझे नूडल्स वाढत होतीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी प्यायला आलो तर तू ओट्याशी उभी राहून तोच गोळा खात होतीस. टाकवत नाही म्हणालीस. मी ग्लास विसळला आणि दुकानात गेलो.

आता तू विचारशील, का? सोपं उत्तर आहे आणि खरं उत्तर आहे. सोपं असं की आमच्या धंद्यात कृती कुणाला पूर्ण सांगत नाहीत, हातचं एक राखतात. माझ्या उस्तादांनी मला लसूण आधी टाकायला शिकवला, धूर निघणाऱ्या तेलात. तीन वर्षांतली पहिली दोन माझा लसूण रोज करपला आणि ते गालातल्या गालात हसले. शेवटी त्यांची पाठ असताना मी चोरून पाहिलं, तर ते लसूण मागाहून, कढईच्या कडेने सोडत. पकडल्यावर ते खूशच झाले. म्हणाले, "चोरून शिकलेलं माणूस विसरत नाही." पुढे मी हेच केलं. गिऱ्हाईक खिडकीशी विचारायचं, आमचे घरी चिकटतात हो, काय करावं? मी म्हणायचो, खळखळ उकळत्या पाण्यात सात मिनिटं. ते जाऊन चिकटवायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा माझ्या खिडकीशी उभे. असं शेकडो लोकांना सांगितलं असेल.

पण तू गिऱ्हाईक नव्हतीस. खरं उत्तर लिहायला हात रेंगाळतोय. लोकांच्या जेवायच्या वेळा म्हणजे माझ्या कामाच्या वेळा, त्यामुळे घरच्या टेबलाशी मी आठवड्यातून एकदा. तू आल्यावर एका सोमवारी मी बसलो तर कळलं की माझी खुर्ची भिंतीकडे सरकवली आहे, तुम्ही तिघं कुठल्याशा गमतीवर हसताय आणि ती गंमत मला माहीत नाही. तू काहीतरी साधंच केलं होतंस, भाजी आणि सूप. आणि माझा मुलगा म्हणाला, "बाबा, हिच्या हातचं खाल्लं ना, की बाहेरचं नकोसं होतं." बाहेरचं म्हणजे माझं. त्याने सहज म्हटलं, त्याच्या मनातही नव्हतं. पण या घरात माझं म्हणून काय होतं, सूनबाई? दर सोमवारी 'बाबा, नूडल्स आणा ना' एवढीच माझी किंमत मला वाटायची. तीही तू वहीत उतरवून घ्यायला बसलीस, असं मला वाटलं. मला तुझा मत्सर वाटला. साठीकडे झुकलेल्या माणसाला सत्तावीस वर्षांच्या मुलीचा. हे वाक्य लिहून मी आत्ता खिडकी उघडली.

वही सापडल्यावर माझ्या मनात आलं की निदान स्वतः करून बघावं, या शेगडीवर, तुझ्याच कढईत. इथे दुसरी थप्पड बसली. गार पाण्यात भिजवून, सगळं जसं दुकानात करायचो तसं केलं, आणि माझेही चिकटले! दुकानातली भट्टी म्हणजे ज्वाळ कढईच्या बाहेर यायची, आवाज असा की ऑर्डर ओरडून द्यावी लागे. इकडे शेगडीचा जाळ फुंकर मारली तर विझेल असला. चाळीस वर्षं मला वाटत होतं की चव माझ्या हाताला आहे, आणि ती निम्मी त्या भट्टीला होती. मी शेगडीला शिव्या घातल्या. तुझ्या सासूबाई दारातून म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." महिनाभर त्या माझे गोळे खाताहेत. परवा म्हणाल्या, "आता चांगलं झालंय हं, पण विहीणबाईंसारखं दुसऱ्यांदा मागायची माझी छाती नाही." म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं, तेव्हापासून.

तर आता ऐक, आणि यात हातचं काही राखलेलं नाही. नूडल्स गार पाण्यात, नळाच्या साध्या गार पाण्यात, चाळीस मिनिटं. बोटाभोवती गुंडाळले तर मोडू नयेत, पण दाताखाली अजून कडक लागावेत. उरलेलं शिजणं कढईत होतं. मग चाळणीत निथळत ठेवायचे, निदान दहा मिनिटं, आणि हाताने मोकळे करायचे. एका वाटीत काळा सोया सॉस अर्धा चमचा रंगापुरता, साधा सोया सॉस दोन चमचे, व्हिनेगर एक, साखर एक आणि पाणी तीन चमचे, आधीच ढवळून ठेवायचं. नंतर बाटल्या शोधत बसलीस की कढई गार झालीच. आणि घरच्या शेगडीवर एका वेळी एकच प्लेट. हे मला माहीत नव्हतं, हे मी आत्ता शिकलो. दोन प्लेट टाकल्या की कढई गार, पाणी सुटतं, नूडल्स उकडतात आणि चिकटतात. कढई कोरडी तापवायची, धूर दिसला की तेल. अंडं फोडून अर्धवट जमलं की बाजूला. मग नूडल्स टाकायचे आणि ढवळायचं नाही. वीस मोजायचे. जीव वर-खाली होतो, हात शिवशिवतात, पण मोजायचे. त्या विसातच खाली जरा डाग धरतो आणि तो पार्सलचा वास येतो, ज्याला लोक माझी जादू समजत होते. मग चिमट्याने खालून उचलून पलटायचे, झाऱ्याने चिरडायचे नाहीत. वाटीतलं सगळं कडेने ओतायचं. चिकटतंय वाटलं तर तेल नको, चमचाभर पाणी. आता कडेने लसूण. कोबी, मुगाचे मोड आणि कांद्याची पात शेवटी, दोन-तीन पलट्या, आणि ताटलीत. कढई न धुता दुसरी प्लेट. सगळ्यांना एकदम वाढता येत नाही, त्यामुळे करणारा शेवटी जेवतो. ते मी तेव्हा करायला हवं होतं, तुझ्या शेजारी उभं राहून, तुला आधी जेवायला घालून.

तुझा हात जड आहे म्हणे! चष्म्याच्या दुकानात तू काचा घासतेस, केसाएवढा फरक तुझ्या बोटांना कळतो, लोक तुझ्या हातातून जग बघतात. आणि त्या दिवसापासून तू पाहुण्यांसमोर काही रांधलं नाहीस. कुणाकडे जेवायला जायचं तर तू फळं कापून न्यायचीस. इथे आलात की ओट्यापासून दोन हात लांब उभी राहतेस आणि म्हणतेस, "तुम्हीच करा बाबा, माझा हात जड आहे." मी दर वेळी ऐकलं. दर वेळी कढईत बघत राहिलो.

हे सगळं लिहायला महिना होता. तीनदा पत्र सुरू केलं, तीनदा फाडलं. मनात म्हणायचो, तुम्ही सुट्टीत याल तेव्हा समोरासमोर सांगू. आणि तुम्ही आलात तर पुढच्या सुट्टीत, हेही मला ठाऊक होतं. आज लिहितोय ते मी सुधारलो म्हणून नव्हे. परवा दुपारी तुझ्या लेकीचा, आपल्या भिंगरीचा, फोन आला. कुजबुजत बोलत होती, तू घरात नव्हतीस तरी. रविवारी तुझा चाळिसावा वाढदिवस, तुझे आईवडील येणार, आणि ती तिच्या बाबाला हाताशी धरून तुझ्यासाठी 'आजोबांचे नूडल्स' करणार आहे. तिचं हे गुपित मी फोडतोय, त्याचीही माफी. म्हणाली, "आईचा हात जड आहे ना, म्हणून मी शिकणार." मग पेन्सिल घेतली, दहा वर्षांची पोर, आणि विचारलं, "आजोबा, पाणी कसं घ्यायचं?" आणि सूनबाई, तुझी वही माझ्या समोर उघडी होती, महिनाभर मी गार पाण्यात हात घालून होतो, आणि मी म्हणालो, "खळखळ उकळतं. सात मिनिटं." तिने लिहून घेतलं, मला 'लव्ह यू' म्हणाली आणि फोन ठेवला. जित्याची खोड म्हणतात ती हीच का, की माझ्या आत अजून तोच माणूस बसलाय ज्याला हे कुणालाच द्यायचं नाही, मला सांगता येत नाही. परत फोन करून 'चुकलो गं, गार पाणी' म्हणता आलं असतं. चार वेळा फोन हातात घेतला. पण तिने तुला सांगितलं असतं, आजोबा विसरले, आणि तुम्ही म्हणाला असतात, वय झालं त्यांचं, आणि मी पुन्हा स्वस्तात सुटलो असतो. म्हणून हे पत्र. रविवारी ती पाणी उकळायला ठेवेल तेव्हा तू ओट्याशी जा आणि गॅस बंद कर. नळाखाली पातेलं भर. आणि ती विचारेल, आजोबांनी तर उकळतं सांगितलं होतं. तेव्हा तिच्या आजीसमोर, विहीणबाईंसमोर, तिला खरं सांग, की आजोबांनी मुद्दाम खोटं सांगितलं होतं, आधी आईला आणि मग तुला. आजोबा विसरले, असं मात्र सांगू नकोस.

अजूनही तुला मला 'बाबा' म्हणावंसं वाटलं, तर तुझाच,
बाबा